उम्म रुबाची खुर्ची

१ सप्टेंबर, रविवार
इरबिदमधला पहिला दिवस झकास गेला. घटस्फोटानंतर मदाबाहून बदली मागितली तेव्हा ताईने मला वेड्यात काढलं होतं. इथे दोन खोल्या, एक अडगळीची खोली, खाली बेकरी. गरम पाव मिळाला की सहा वर्षांच्या लुजैनला सगळी गावं सारखीच. शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपून बालसंरक्षण कचेरी आज उघडली, आणि पहिल्याच दिवशी मी सगळ्यांची उम्म लुजैन, म्हणजे लुजैनची आई, झाले. लेकीच्या नावाने हाक आली की मला बरं वाटतं.

३ सप्टेंबर, मंगळवार
आज पहिली सुपरव्हिजन. दर मंगळवारी अकराला वरिष्ठ सित्त इन्साफ, म्हणजे इन्साफबाईंपुढे बसायचं आणि हातातल्या केसेस, चुका, भीती सगळं बोलून टाकायचं. मदाबात हे नुसतं कागदावर होतं. बाई स्वतः वेलचीची कॉफी ओततात. पद्धत त्यांची वेगळी: हिरव्या खुर्चीत आपण केसमधली बाई होऊन बसायचं, त्या विचारतील त्याला तिच्या तोंडून उत्तर द्यायचं. म्हणे त्याशिवाय माणूस कळत नाही.
माझी केस उम्म रुबा. तिची रुबा जूनपासून शाळेत दिसलेली नाही. शेजाऱ्यांना आतून दार ठोकल्याचा आवाज येतो.

८ सप्टेंबर
उम्म रुबा द्राक्षाच्या पानांत भात भरून ती गुंडाळत बसली होती, रेडिओ ठणाणा चालू. गळ्यात दोरीला किल्ली. म्हणाली, रुबा मावशीकडे गेलीय, पोरीला ऊन सोसत नाही. आतली खोली दाखव म्हटलं तर पुढच्या खेपेला म्हणाली. आणि मी शहाणी निमूट उठून आले. स्वतःचाच राग येतोय.

१० सप्टेंबर, मंगळवार
पोलिसांना कळवायची परवानगी मागायला गेले होते. बाईंनी हिरव्या खुर्चीत बसवलं, उम्म रुबा म्हणून हाक मारली, मुलगी कुठाय विचारलं. मावशीकडे, म्हटलं. रेडिओ एवढा मोठा का? म्हटलं, ती आत गाते, मला ऐकवत नाही.
हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. बाई म्हणाल्या, छान. परवानगीचं राहूनच गेलं.

१५ सप्टेंबर
कचेरीतला चहावाला अबू निदाल कप ठेवता ठेवता पुटपुटला, बाई, त्या खुर्चीत बसू नका. उम्म रुबा वसंतापर्यंत इथेच कामाला होती, याच टेबलावर. तिचेही मंगळवार असायचे. मी हसले, तो हसला नाही.

१७ सप्टेंबर, मंगळवार
बसायचं नाही ठरवलं होतं. बसले.
बाहेर पडताना मागून कोणीतरी उम्म रुबा म्हणालं आणि मी वळून पाहिलं. फाईलवर शेरा: मुलगी मावशीकडे, केस बंद. खाली सही माझी. मी कधी केली?

१८ सप्टेंबर
कामं टाकून तिच्या घरी धावले. घर रिकामं. आतल्या दाराला आतून ओरखडे, खाली, पोरीच्या उंचीवर. खुंटीला किल्ली होती.
ती माझ्या खिशात कशी आली?

२३ सप्टेंबर
किल्ली अडगळीच्या खोलीला लागते. लावून पाहिली, इतकंच.
लुजैनला शाळेत पाठवलं नाही. इथलं ऊन फार.

२६ सप्टेंबर
ताईचा फोन. लुजैनला दे म्हणाली. म्हटलं, ती मावशीकडे गेलीय.
ताई हळूच म्हणाली, अगं, तिची मावशी मीच ना.
मी फोन ठेवला. परत वाजतोय —

१ ऑक्टोबर, मंगळवार
पानं गुंडाळली. बेल वाजली. दारात कचेरीतली नवी मुलगी, हातात फाईल, वर नाव उम्म लुजैन. चांगली वाटते. तोंडातून एकच वाक्य बाहेर पडतंय, म्हणून कागदपत्रं आणते सांगून आत आले. लिहूनच देते तिला.
बाई, उठून जाऊ नकोस. त्या हिरव्या खुर्चीत कधी — लुजैन अडगळीच्या खोलीत आहे. जिवंत आहे, गातेय. किल्ली माझ्या गळ्यात, ओढून घे, मी नाही म्हटलं तरी —
हात ऐकत नाही —
लुजैन माव — नाही, आत — आत आहे — मावशीकडे गेलीय. पोरीला ऊन सोसत ना