राखणदाराचा आंबा

भाईंदर पूर्व, ५ मे २०२५

चि. राघो यास अनेक आशीर्वाद.

काल सकाळी देवापाशी दिवा लावला आणि तू विकायला पाठवलेल्या पेटीतला आंबा नैवेद्याला चिरला. कोयीपाशी अळ्या वळवळत होत्या. तेवढ्यात जेसल पार्कच्या विमलाबाई तसलाच चिरलेला आंबा ताटलीत घेऊन आल्या. आंबे विकता की किडे, असं त्यांनी अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल असं विचारलं.

फळमाशीसाठीच आपण गेल्या वर्षी गरम पाण्याची टाकी बसवली ना? बेताच्या गरम पाण्यात तासभर ठेवलं की आतली अंडी मरतात, खाणाऱ्याला काही बाधत नाही. मग यंदा टाकी का वापरली नाहीस? फोन उचलत नाहीस, म्हणून टेम्पोवाल्या गणेशच्या हाती हे पत्र देतोय.

तुझा,
धर्मादादा

गाव, ८ मे

ती. दादांस नमस्कार.

टाकी बंद आहे, बंदच राहील. बागेतली पहिली पेटी राखणदार देवाची, आणि त्याला न शिजवलेलं फळ लागतं. गरम पाण्यातून काढलेला आंबा उकडलेला धरतात, असं गुरवाने सांगितलं. देवाला एक माल आणि गिऱ्हाइकाला दुसरा, हे मला जमणार नाही. तुम्ही रोज पोथी वाचता आणि देवाचा आंबा शिजवायला सांगता! तुमची भावजय चंपा म्हणते, भावोजी भाईंदरला जाऊन नाजूक झाले.

अळ्यांचा बंदोबस्त केलाय. आज पाठवलेल्या पेट्यांत धान्यात ठेवायच्या गोळ्या घालून खोली बंद केली होती. आता विमलाबाईंना दुर्बीण घेऊन बसू दे.

आपला,
राघो

भाईंदर पूर्व, १० मे

राघो,

तुझं पत्र गणेशने पेट्यांच्या मागाहून दिलं. तोवर निम्म्या पेट्या घरोघर गेल्या होत्या. उरलेली एक उघडली, तर पेंढ्यात गोळ्यांची करडी भुकटी. त्या गोळ्यांच्या वाफेने बंद खोलीत माणसं मेलीत, हे तुला ठाऊक आहे. देवाला गरम पाणी चालत नाही आणि विष चालतं? राखणदाराला तू हेच ओळखलंस का?

मी प्रत्येक दारात जाऊन आंबे परत घेतले. विमलाबाईंनी धुऊन खाऊ का विचारलं, नको म्हटलं. कोणा व्यापाऱ्याने तुम्हाला फसवलं असेल, असं त्याच बिचाऱ्या म्हणाल्या. मी हो म्हटलं असतं तर घराची अब्रू राहिली असती. मी सांगितलं, व्यापारी नाही, माझा सख्खा भाऊ राघो. मग वरच्या प्रत्येक मजल्यावर तेच सांगून आलो.

चंपाला व तुमच्या सूरजला आशीर्वाद.

धर्माजी