दफनभूमीच्या भिंतीवरच्या पट्ट्या

पॉइंत-मारसो, मार्टिनिक
२४ ऑक्टोबर

वडील बंधू सिल्व्हेरदादा यांना धाकट्या तेओफानचा मनापासून नमस्कार.

तुमचा गुडघा आता डोंगर उतरू देतो का? वहिनींचा खोकला? आम्ही देवाच्या दयेने ठीक, फक्त फ्रीज गेला (या वर्षातला दुसरा).

किनाऱ्यावर कुजणाऱ्या शेवाळाचा वायू धातू खातो, हे प्रयोगशाळेच्या मादाम ल्युबँ यांनी सिद्ध केलं, तर नगरपालिका आपल्या खाडीच्या तोंडाशी शेवाळ अडवायला तरंगता बांध घालणार आहे. म्हणून मार्चमध्ये त्यांनी दफनभूमीच्या भिंतीवर तांबं, जस्त, पोलाद आणि चांदीच्या पट्ट्या टांगल्या (त्यांच्या जुळ्या, स्वच्छ हवेतल्या, तुमच्या अंगणात आहेतच) आणि राखण मला दिली. दादा, मी रोज प्रार्थनेनंतर तिथे उभा राहायचो. कुणी हात लावत नाही, आणि तांबं काळं होत जातं! हीच हवा आपण काही न विचारता छातीत भरून घेतो. मला तर देवळात असल्यासारखं वाटायचं.

आणि सर्व संतांचा सण जवळ आला. थडग्यांना चुना, क्रूसांना चकाकी, सगळं गाव कामाला. परवा मादाम आल्या, तर पट्ट्या लिंबू-राखेने लखलखीत घासलेल्या! त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, हे कुणी केलं? तेवढ्यात आपली युदोक्सी मावशी बादली घेऊन पुढे झाली.

"हे तुम्ही केलंत, मावशी?"

"मग! मेलेल्यांच्या उशाशी असलं काळं टांगतात का, पोरी? पाच वेळा घासल्या, चांगल्या रगडून!"

चांदीची तेवढी सुटली होती. तिच्यावर सोनेरी, जांभळे, निळे रंग चढले होते, शिंपल्याच्या आत असतात तसे. तिला घासायला हात धजला नसावा. मादाम म्हणाल्या, तिच्या एकटीवर बांध मिळायचा नाही. पण बाकीच्या कशाने, किती घासल्या हे नेमकं कळलं, तर तेवढी झीज वजा करता येईल. मग त्यांनी वहीत "पाच वेळा" असं लिहून घेतलं.

आपला,
तेओफान

ता. क. मादाम पुढच्या गुरुवारी तुमच्याकडच्या पट्ट्या न्यायला येतील. तोवर वहिनींना त्या पट्ट्यांपासून लांब ठेवा.

ता. क. आणखी एक. मावशीने कशाला हात लावलेला नाही. घासल्या मी, सणाच्या भरात, एकदाच, हलक्या हाताने. हे मादामना तुम्ही सांगा, नाहीतर बांधाचा हिशेब चुकेल. मीच सांगितलं असतं. पण माझ्यासाठी जी चारचौघांत खोटं बोलली, तिला चारचौघांत खोटं पाडायला माझी जीभ रेटत नाही.