दाखल्यावरची सही

वहिनी,

सकाळी तुम्ही फोनवर म्हणालात, "तू स्वतः तपासलं होतंस, म्हणजे तब्येत ठणठणीत होती. भर समुद्रात उन्हानंच जीव घेतला त्यांचा." मी नुसतं हं म्हटलं.

निघायच्या महिनाभर आधी दादा माझ्या दवाखान्यात आला होता. टेबलावर नकाशा पसरून त्यानं बेटांपर्यंतचे छत्तीस दिवस बोटानं दाखवले. रोजचं पिण्याचं पाणीसुद्धा ठरलेलं होतं. एकट्यानं शिडाची होडी न्यायची तर बंदरात डॉक्टरचा दाखला लागणार होता. मी तपासलं, तर ठोके चुकत होते.

"दादा, हे हृदय घेऊन समुद्रावर जायचं नाही."

"मग खुर्चीत बसून कुजू का? आणि तिला सांगू नकोस, ती जाऊच देणार नाही."

बारा वर्षं खपून त्यानं ती होडी बांधली होती. मी 'तंदुरुस्त' लिहून सही केली.

आता तुमच्या लेकीच्या छातीत धडधडतं, आणि तुम्हाला वाटतं, बाप गेल्याचा धसका असेल. वहिनी, आमच्या आईचे ठोकेही दादासारखेच चुकायचे.

हे पत्र टाकत नाही, पोचायला आठवडा जाईल. आत्ताच फोन करून तुम्हा दोघींना उद्या बोलावते. सगळं तुमच्यासमोर बसून सांगेन. मग माझा हात तिला लागू द्यायचा नसेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचं नाव लिहून ठेवलंय.

तुमची नणंद