कागदाच्या खर्चाबाबत खुलासा

चि. पिल्लू यास (टक्कल पडून नातवंडं झाली तरी तुझी ताई तुला याच नावाने हाक मारायची, तेव्हा मी एकट्याने ते बदलावं असं काही नाही) तुझ्या भावजींचे आशीर्वाद. तुझी पाठ कशी आहे? गुडघे काय म्हणतात? इकडे सगळे खुशाल आहेत. सगळे म्हणजे मी.

तुझं पत्र पोचलं. 'भावजी, आईवडिलांचं घर विकायचं आहे. ताईच्या हिश्शाबद्दल तुमची हरकत नसल्याचा कागद नोटरी करून पाठवा, खर्च कळवा.' बस, एवढंच. ताईला लिहायचास तेव्हा तुला पानं पुरायची नाहीत, कडेच्या जागेत आडवं लिहायचास. असो. खर्चाचं विचारलंस म्हणून सविस्तर लिहितो.

नोटरीचं ऑफिस जिन्याखाली आहे. उठून नमस्कार करायला गेलं की डोकं वर आपटतं (मी दोनदा नमस्कार केला). तिथे प्रत्येक गोष्टीचे वेगळे पैसे. टायपिंगचे वेगळे, तिकिटाचे वेगळे, शिक्क्याचे वेगळे, आणि शिक्का पुसट उठला म्हणून पुन्हा मारला त्याचेही वेगळे. टाइप करणाऱ्या बाईंनी मयताचं नाव विचारलं. पिल्लू, मी जन्मभर तिला 'अगं' म्हणून हाक मारली. नाव तोंडातून निघायला इतका वेळ लागला की बाईंनी मला पाणी आणून दिलं (पाणी फुकट होतं, हे नमूद करतो). मग कागदभर 'सदर मयत, सदर मयत' असं उमटत गेलं. ती असती तर, ही सदर कोण, म्हणून तिने आमची सगळ्यांची खरडपट्टी काढली असती.

मग नोटरी म्हणाले, तुम्हाला ओळखणारा एक माणूस आणा, ओळखदार म्हणून त्याची सही लागेल. इथे माझी पंचाईत झाली. मला ओळखतं कोण? वाणी, दूधवाला, शेजारी, सगळे तिला ओळखायचे. मी त्यांच्या लेखी तिच्या मागे पिशवी धरून उभा असलेला माणूस. बाहेर झेरॉक्सच्या दुकानापाशी एक छत्रीवाले गृहस्थ उभे असतात, ते पैसे घेऊन कुणालाही ओळखतात. पण माणूस तत्त्वाचा. "अनोळखी माणसाला ओळखतो म्हणून मी सही करत नाही. आधी चहा घेऊ, ओळख होऊ द्या," म्हणाले. चहा अर्थात माझ्या खर्चाने.

चहा घेताना त्यांनी विचारलं, "बाई कशा होत्या हो?"

पिल्लू, ती गेल्यावर घरी इतकी माणसं येऊन गेली. काय झालं होतं, कुठलं हॉस्पिटल, बिल किती, सगळं विचारलं. ती कशी होती, हे कुणी विचारलं नाही. तूही नाही. मी सांगत सुटलो. पेपर मागच्या पानापासून वाचायची, शब्दकोडं अडलं की ते मीच घातल्यासारखी माझ्याकडे रागाने बघायची, झोपेत हसायची. चहा गार झाला, नोटरी जेवायला गेले, आणि मी हॉटेलात सगळ्यांदेखत रडलो. त्यांनी पाठीवर हात ठेवला (पैसे मात्र चोख मोजून घेतले).

त्यानंतर माझे आणखी काही कागद झाले. पास हरवल्याचं प्रतिज्ञापत्र केलं. पास खिशात होता. सही बदलल्याचं केलं. सही तीच आहे. प्रत्येक कागदाला ओळखदार लागतो आणि ओळखदाराला चहा लागतो. हल्ली मला पाहून नोटरीच उठून उभे राहतात (आणि डोकं आपटून घेतात). खर्च बराच झाला आहे, पण तो तुझ्या नावावर घालण्यासारखा नाही.

घरच्या लहानथोरांना माझी आठवण सांग.

तुझे भावजी

ता. क. तुझा कागद पहिल्याच दिवशी तयार झाला. कपाटात, तिच्या चष्म्याखाली ठेवला आहे. पोस्टाचा भरवसा नाही (हे पत्र पोस्टानेच येतंय, ते सोड). स्वतः येऊन घेऊन जा. तो एकदा तुझ्या हाती पडला की मला पत्र लिहायचं तुला कारण उरणार नाही, हे मला कळतं.

आणखी एक. परवा ओळखदारांनी विचारलं, "लहानपणी कशा होत्या?" माझी तिची ओळख लग्नापासूनची. त्याआधीचं ठाऊक असलेला आता तू एकटाच आहेस. तेव्हा त्याच दिवशी परतायचं ठरवून येऊ नकोस. चार दिवस राहा, मला सगळं सांग. खर्च होईल तो कळव.