बोटभर जागा

प्रिय दादा,

पत्र बघून दचकू नकोस, माझी तब्येत ठणठणीत आहे. फोनवर तू मधेच माझी समजूत घालायला लागतोस आणि माझं बोलणं राहून जातं, म्हणून लिहिते आहे. गॅरेज चालू आहे. रंगारी काम सोडून गेला, तेव्हापासून रंगाची कामं घेत नाही. पाठ कुरकुरते, पण गाडीखाली शिरले की तीही गप्प बसते.

भंगारवाला तुझा ट्रक न्यायला येतो म्हणाला, म्हणून परवा त्याच्यावरची ताडपत्री काढली. वर्षभरात तेवढी हिंमत झाली नव्हती. वहिनीच्या बाजूचं दार पार आत दबलंय. त्या बाजूला मी गेलेच नाही.

ट्रक चार इंच उचलायचा हट्ट तुझा. वहिनी म्हणाली होती, आता मला चढायला शिडी द्या; मी खरंच तिच्यासाठी एक पायरी बसवली. उचलणं सोपं होतं, जीव खाल्ला तो हेडरने. इंजिनातला जळका धूर बाहेर नेणाऱ्या त्या नळ्या तू हौसेने नव्या, जाड आणल्यास आणि त्या कुठेच मावेनात. एक स्टिअरिंगच्या दांड्याला घासायची, दुसरी चासीला. मी इंजिनाखाली पट्ट्या घालून ते वर घेतलं, एक नळी तापवून ठोकली, तीन दिवस नुसती चिडचिड केली. शेवटी सगळीकडे बोटभर जागा झाली. तुला बोलावून मी त्या फटीतून बोट फिरवून दाखवलं. तू म्हणालास, बाबांनी हे बघायला हवं होतं. मी इतकी फुगले की विचारू नकोस.

बाबांनी बघितलं असतं तर आधी विचारलं असतं, गाडी जमिनीवर आहे का? नव्हती रे. ट्रक स्टँडवर होता, चाकं लोंबत होती. गाडी उंच केली म्हणून पुढच्या ब्रेकला तेल पोचवणारी रबरी नळी मी लांब लावली होती. चाक लोंबत असताना ती ताणलेली राहायची, हेडरपासून चांगली दूर. गाडी चाकांवर उभी राहिली की नळी सैल पडते, तिला बाक येतो. हे मीच दुसऱ्यांना शिकवते. ट्रक खाली घेतल्यावर पुन्हा वाकून बघायला दोन मिनिटं लागली असती. पण तुम्ही दोघं निघायच्या घाईत होता, मी माझ्याच कौतुकात होते, आणि मी किल्ली तुझ्या हातात दिली.

परवा चेपलेला पत्रा कापून आत पाहिलं. उजव्या चाकाच्या ब्रेकची नळी हेडरला चिकटलेली होती, वितळून काळी झालेली आणि फाटलेली. पंचनाम्याला आलेल्यांनी एवढं खोलून बघितलं नाही. त्यांनी चालकाची चूक लिहिली आणि तू खाली मान घालून सही केलीस. खरं सांगू? मला पहिल्या दिवसापासून शंका होती. ताडपत्री मी ट्रकवर घातली ती पावसासाठी नाही.

ती नळी कापून डब्यात ठेवली आहे. भंगारवाल्याला परत पाठवलं. सोमवारी डबा घेऊन चौकशी अधिकाऱ्याकडे जाते आहे. गॅरेज राहील की जाईल, माहीत नाही; पण हे तुला त्यांच्याकडून कळू नये, म्हणून हे पत्र. दर रविवारी तू फोनवर विचारतोस, ब्रेकऐवजी माझा पाय दुसरीकडेच पडला असेल का गं? आणि मी म्हणते, जाऊ दे दादा, आता विसर. तुझा लेक तुझ्याशी बोलत नाही, तेही मी मुकाट्याने बघत राहिले. दादा, तुझा पाय ब्रेकवरच होता. तू तो जीव खाऊन दाबलास, म्हणून तर नळी फुटली. वहिनी माझ्या हातून गेली. हे पत्र आधी लेकाला वाचायला दे. मला नंतर कधी फोन करावासा वाटला तर कर, नाही केलास तरी मी समजेन.

तुझीच,
धाकटी