कढई त्याची, झारा माझा

मी, छाया भिकन धोंडगे, वय बावन्न, काम पुऱ्या तळणे (सध्या बंद), राहणार पेठ रोड, पंचवटी, नाशिक, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. कोणी सांगितलं म्हणून नाही. उलट सगळे नको नको म्हणत असताना.

वर 'काम' लिहिलंय तिथे आधी 'धंदा' टाइप झालं होतं. तसाच छापील नमुना असतो म्हणे. खोडायला लावलं. धंदा शेखर करतो. मी कामाला होते.

डोकं ठिकाणावर आहे. भाजलाय तो उजवा हात, मान आणि कूस. हे वेगळं लिहायचं कारण, समोरचा वकील भर कोर्टात म्हणाला की बाईंना त्या दिवसाचं नीट आठवत नसावं. मला त्या दिवशीच्या पुरीचा आकारसुद्धा आठवतो.

मी बोलते आणि ललितभाऊ टाइप करतात. कोर्टाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं टेबल आहे. पहिल्याच ओळीला ते म्हणाले, "मावशी, मृत्युपत्रात असं नसतं लिहीत."

म्हटलं, "मला मावशी म्हणू नका. मावशी म्हणणाऱ्यानेच मला इथे आणून बसवलंय. आणि मी बोलते ते तसंच्या तसं लिहा. मागच्या वेळी एकाने सुधारून लिहिलं, ते अजून निस्तरतेय."

आता ते ताई म्हणतात.

आजच का, ते सांगते. सोमवारी माझं ऑपरेशन आहे. कातडी आखडून कोपर दुमडलेलं राहिलंय, ते मोकळं करायचं. पूर्ण भूल देणार. मला शुगर आहे. डॉक्टर म्हणाले, काळजीचं काही कारण नाही, आणि लगेच माझ्या मुलाकडून, राजूकडून, चार कागदांवर सह्या घेतल्या. कारण नाही तर सह्या कशाला? म्हणून मी पण एक सही करून ठेवते.

कलम एक. पेठ रोडची खोली. माझे मालक भिकन, मूळचे नामपूरचे, अंबडच्या कारखान्यात वेल्डिंग करायचे. त्यांनी आणि मी मिळून घेतली. ती माझा मुलगा राजू आणि सून ज्योत्स्ना, दोघांच्या नावाने व्हावी. एकट्या राजूच्या नावाने केली तर वर्षाच्या आत ती बँकेकडे जाईल आणि दारात दुसरा टेम्पो उभा राहील. त्याला पोटातून प्रेम आहे ते टेम्पोवर. आईवर पण आहे, पण टेम्पो हॉर्न वाजवतो.

कलम दोन. पतपेढीत जे असेल ते नात वेदिका हिच्या शिक्षणाला. माझ्या कानातले तिलाच. तिला सायन्स घ्यायचंय तर घेऊ द्या. मला चौथीतून उठवलं तेव्हा कोणी विचारलं नव्हतं.

कलम तीन. कपाटात सगळ्यात खाली एक साडी आहे, मोरपंखी, घडी न मोडलेली. शेखरने दवाखान्यात आणली होती, शहाळ्याबरोबर. कोणाच्या तरी लग्नातल्या आहेराची उरलेली आहे, पदराला चिठ्ठी तशीच टाचलेली. मी गेल्यावर ती त्याला परत द्यावी. पोचती करायला राजूने जाऊ नये. तो चहा पिऊन येईल.

आता हा शेखर कोण ते लिहा. पंचवटीत त्याचं मंगल कार्यालय आहे. नाव देत नाही, फुकट जाहिरात होईल. मी त्याच्या बापाच्या वेळेपासून तिथे तळणीवर. बाप होता तोवर ठीक होतं, चार शिव्या द्यायचा पण भट्टी दुरुस्त करायचा. शेखर शिव्या देत नाही. "मावशी, आपलंच कार्यालय आहे, सांभाळून घ्या," एवढंच म्हणतो. गॅसच्या भट्टीचा एक पाय तुटला, त्याखाली विटा लावल्या. मी म्हटलं, शेखरशेठ, ही भट्टी डुगडुगते. "लग्नसराई होऊ द्या मावशी, आपल्याला नवीनच घ्यायचीय." आचाऱ्याने सांगितलं, त्यालाही हेच. आपल्याला, आपल्याला. घ्यायची वेळ आली की आपल्याला, आणि पगारवाढ मागितली की "मावशी, माझी जरा ओढाताण आहे."

त्या दिवशी वीट सरकली. कढई कलली, माझ्याकडे. मी मागे सरले नसते तर हे मृत्युपत्र टाइप करायची गरज पडली नसती. कोणीतरी हातावर भिजवलेली कणीक थापली. शेखर धावत आला. मला वाटलं, गाडी काढतोय. तो म्हणाला, "मागच्या दाराने न्या, पुढे पंगत बसलीय."

सरकारी दवाखान्यात हवालदार जबाब घ्यायला आला. भाजलेली बाई म्हटलं की ते आधी सासू-नवऱ्याचं विचारतात. म्हटलं, सासू नाही, नवरा नाही, पुऱ्या तळत होते. तो म्हणाला, "तेल कुठलं?" मी म्हटलं, "आपल्या कढईतलं."

बाकी काही नाही. एवढाच शब्द.

आम्ही कामाला असतो तिथे असंच बोलतो. आपलं कार्यालय, आपला आचारी, आपली कढई. नामपूरकडे 'मनं' म्हणजे माझं, आणि 'आपलं' म्हणजे सगळ्यांचं. नाशकातही कोणी वेगळं बोलत नाही. बँकेतला शिपाई म्हणतो, आपल्या बँकेत गर्दी आहे. म्हणून बँक त्याची होते का?

हवालदाराने लिहिलं: 'आपल्या कढईतील तेल अंगावर सांडून सदर महिला भाजली.' वाचून दाखवलं नाही. उजव्या हाताला पट्ट्या होत्या, डाव्या हाताचा अंगठा घेतला आणि गेला.

मी कामगार कोर्टात भरपाईची केस टाकली तेव्हा शेखरने उत्तर दिलं: या बाई आमच्याकडे कामाला नव्हत्याच. स्वतःची कढई घेऊन यायच्या, स्वतःचा तळणीचा धंदा करायच्या. पुरावा काय? त्यांचाच जबाब. 'आपल्या कढईतील.' त्याचा वकील तो शब्द असा वाचतो, जणू मी बाजारातून कढई खांद्यावर टाकून आणली होती. ती कढई दोन माणसांना उचलत नाही!

वर म्हणतो, "बाईंचा झारा तरी स्वतःचा होता की नाही?"

होता. म्हणून हे कलम चार.

कलम चार. माझा झारा. भिकनने कारखान्यात दांडा जोडून दिला होता, लांब, म्हणजे तेलापासून हात लांब राहील. बिचाऱ्याला वाटलं तेल झाऱ्याच्या वाटेनेच येतं. झारा माझा होता हे मी कोर्टात कबूल केलंय आणि इथेही करते. झारा माझा, कढई शेखरची, भट्टी शेखरची, विटा पण शेखरच्या. हा झारा सिंधुबाईला द्यावा. ती माझ्या शेजारी बसून पुऱ्या लाटायची. तिने सगळं पाहिलंय. साक्ष देत नाही, कारण अजून तिथेच लाटते आणि घरात कमावणारी तीच. मागे भाजीबाजारात भेटली, मेथीची जुडी निवडत खाली बघून म्हणाली, "छाया, माझ्यावर रागावलीस?"

"हो," म्हटलं.

"मग बोल ना काही."

"काय बोलू? तू बोल. मी बोलले तेवढंच अंगाशी आलंय."

रडली. मी पण मेथी घेतली आणि आले. सिंधे, हा झारा घे. तुला बोलायला जमलं तर बोल, नाही जमलं तर तळणीवर तुला बसवतील तेव्हा हाच वापर. दांडा लांब आहे. आणि भट्टीखाली वाकून बघत जा.

कलम पाच, आणि यासाठीच एवढा खटाटोप. माझी केस.

माझ्या वकील सविता मॅडम भराभर बोलतात, पण हे त्यांनी सावकाश सांगितलं: छायाताई, तुम्ही नसलात तरी केस मरत नाही. वारस पुढे चालवू शकतात. मिटवूही शकतात. त्या शेवटच्या शब्दाने माझी झोप उडवलीय.

कारण शेखर राजूला भेटला. टेम्पोला पूर्ण लग्नसराईचं काम देतो म्हणाला, भांडी, मंडप, सगळं. फक्त आईने लिहून द्यायचं की केस गैरसमजातून झाली. राजूने मला हे जेवताना सांगितलं, वरण वाढत, म्हणजे मी ताट ढकलणार नाही.

"आई, केस तुझी आहे, मी काय बोलणार. पण मला विचारशील तर तुझं ते मिटवून टाक."

तुझी. तुझं ते. पोरगा वाईट नाही. त्याला हप्ते आहेत, मला कळतं. पण गैरसमज कोणाचा झाला? तेलाचा?

ज्योत्स्ना त्या वेळी काही बोलली नाही. ती बोलत नाही हाच तिचा दोष आहे. बाकी पण आहेत: भाजीत पाणी जास्त, फोन कानाला, आणि माझी भांडी ती तिच्या पद्धतीने लावते. पण जखमेच्या पट्ट्या तीच सोडवायची. राजू दारात उभा राहून तोंड फिरवायचा. ती बसायची, एकेक पट्टी ओली करून सोडवायची, मी तिला नको नको ते बोलायचे, ती म्हणायची, "बोला, बोला, हात हलवू नका."

प्रत्येक तारखेला तीच येते. मागच्या तारखेला आम्हाला उशीर झाला. तिने धावत जाऊन कोर्टातल्या कारकुनाला विचारलं, "साहेब, आपली केस पुकारली का?"

मी मागून ओरडले, "अगं तो शब्द काढू नको म्हणून कितीदा सांगितलं!"

कारकून वैतागलेला. "आपली म्हणजे कोणाची, बाई?"

ती म्हणाली, "आपली म्हणजे आपली. ह्यांची आणि माझी."

तिला आपण काही विशेष बोललो असं वाटलंच नाही. पदराने घाम पुसला आणि बाकावर मला जागा धरली. मी त्या दिवशी घरी येईपर्यंत तिला एकदाही टोकलं नाही. तिला वाटलं मला बरं नाही.

म्हणून लिहून ठेवते: मी गेले तर ही केस ज्योत्स्ना राजू धोंडगे हिने चालवावी. मिळेल ते तिचं. राजूने तिच्यावर दबाव आणू नये, रुसू नये, शेखरने देऊ केलेल्या टेम्पोच्या कामाला हात लावू नये. हरली तर हरली, पण गैरसमज झाला असं कोणी लिहून द्यायचं नाही. ज्योत्स्नाला एकच सांगणं: कागदावर माझा शब्द कोणी लिहायला घेतला तर आधी वाचून घे. आणि पुकारा विचारताना जसं विचारतेस तसंच विचार. तुला तो शब्द चालतो.

कलम सहा. माझ्या दहाव्याला जेवण त्या कार्यालयातून मागवलं तर मी उठून बसेन. पुऱ्या करू नका. भाकरी करा.

हा कागद मला दोनदा वाचून दाखवला. शेवटी ललितभाऊंनी हाताच्या सवयीने 'आपली नम्र' टाइप केलं होतं. म्हटलं, हे काय? म्हणाले, अर्जाला असतं. हा अर्ज नाही. माझ्यासमोर खोडून घेतलं.

अंगठा देणार नाही. डाव्या हाताने सही शिकलेय. वाकडी आहे, पण माझी आहे.

ज्याला मिळणार त्याने शेडमध्ये थांबू नये म्हणून ज्योत्स्नाला बाहेर बसवलंय. मघापासून दोनदा डोकावून विचारतेय, "झालं का आपलं?"

झालं म्हणावं. आपलं झालं.

सही: छाया भिकन धोंडगे (डाव्या हाताने)

वरील सही आमच्यासमोर झाली. बाईंनी सगळं स्वतःच्या तोंडाने सांगितलं, आम्ही ऐकलं.

साक्षीदार १: देवराम गेणू जाधव, शेजारी, पेठ रोड, पंचवटी. सही.

साक्षीदार २: भागीबाई सोमनाथ गावित, भाजीविक्री, पंचवटी. सही. (दहाव्याच्या कलमाला हसल्या. हसल्याचंही लिहा, असं छायाबाईंनी सांगितलं.)

स्थळ: नाशिक
दिनांक: ३ डिसेंबर २०२५