खिडकीतल्या नर्सबाईंचा फोटो

३ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या लेकीने पाठवलेला कॅमेरा सोमवारी पोचला. साबणाच्या वडीएवढा आहे, पण आत्याला शोभेल असा भारीतला आहे, असं तिने चिठ्ठीत लिहिलंय. बटण दाबलं तर भिंग आपणहून पुढे सरकलं. मी इतकी दचकले की तो हातातून सुटला. नशीब, खाली उशी होती. मग अख्खी दुपार फोटो काढले. संध्याकाळी हे पाहायला बसले तेव्हा कळलं की आत कार्डच घातलेलं नव्हतं. तुझे मेहुणे अजून हसताहेत.

आता मुद्द्याचं. तुझ्या स्टुडिओच्या जुन्या फोटोंचं प्रदर्शन भरतंय, हे वाचून खरंच आनंद झाला. पत्रासोबतचं पत्रकही पाहिलं. त्यावर खिडकीतल्या नर्सबाई आहेत आणि खाली तुझं नाव आहे. दादा, तो फोटो मी काढलाय. त्या दिवशी तू बाहेरगावच्या ऑर्डरला गेला होतास. त्या फोटोखाली माझं नाव यायला हवं. एकतीस वर्षं तुझ्याकडे मी रिटचिंग केलं, लोकांचे तीळ आणि सुरकुत्या ब्रशने पुसल्या, त्याबद्दल मला काही नको. पण हा एक फोटो माझा आहे.

वहिनींना नमस्कार. माया आहेच, ती हे वाचूनही टिकू दे.

तुझी,
बिट्टी


११ फेब्रुवारी

चि. सौ. बिट्टीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. कॅमेऱ्याचं आधी सांगतो. त्याच्या डोक्यावर एक डायल आहे, ती ऑटोवर ठेव आणि पुन्हा हात लावू नकोस. बाकीची अक्षरं तुझ्यासाठी नाहीत. बॅटरी पूर्ण चार्ज कर, तारीख-वेळ लाव, पट्टा मनगटात अडकव. एवढं केलंस तरी पुष्कळ झालं.

नर्सबाईंच्या फोटोचं म्हणशील तर तू उगाच डोक्यात राख घालून घेते आहेस. कॅमेरा मी लावून गेलो होतो. दिवे मी लावले, कॅमेऱ्यावर उजेडाचे आकडे मी ठेवले, स्टूल कुठे ठेवायचं ते मी सांगितलं. तू नुसतं बटण दाबलंस. बटण दाबणाऱ्याचं नाव लिहायचं ठरवलं तर लग्नातल्या निम्म्या पाहुण्यांची नावं लिहावी लागतील. संयोजकांना मी काही सांगणार नाही. या वयात माझी शोभा करू नकोस.

तुझ्या वहिनीचे गुडघे बरे आहेत. मेहुण्यांना नमस्कार सांग. थोरल्याचं ऐकत जा, एवढंच मागणं.

तुझा,
दादा


२ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर केला, कारण मी कामात होते. तुझं पत्र वाचून दोन दिवस कॅमेरा कपाटात ठेवून दिला होता. खरं सांगते, वाईट याचं वाटलं की मलाही चाळीस वर्षं तसंच वाटत होतं. तू म्हणालास नुसतं बटण, मी मानलं नुसतं बटण.

तिसऱ्या दिवशी डायल ऑटोवरून काढली. माहितीपुस्तक दोनशे बारा पानांचं आहे, ते पेन्सिल घेऊन वाचलं. भिंगातलं छिद्र कुठे बदलायचं, शटरचा वेग कुठे, उजेड कमी-जास्त करायची चकती कुठली, सगळं हाताखालून घातलं. मेन्यूत एक सोय निघाली, ती चेहऱ्यावरच्या सुरकुत्या आपोआप पुसते. एकतीस वर्षांची माझी नोकरी त्या डबीत एका ओळीत बसवलीय. ती मी पहिल्यांदा बंद केली.

मग यांना स्वयंपाकघराच्या खिडकीत उभं केलं. मागून ऊन. पहिल्या फोटोत चेहरा काळाठिक्कर आला, हे म्हणाले की भूत बरं दिसतं. माझा अंगठा आपणहून चकतीवर गेला आणि उजेड दोन घरं वाढवला. दुसऱ्या फोटोत मागची खिडकी पांढरी झाली, पण चेहरा उजळला, डोळ्यांतला मिश्कीलपणासुद्धा आला. मी तिथेच खुर्चीत बसले. हे मी आधी केलेलं आहे, दादा.

सगळं आठवलं. नर्सबाई ओळखपत्राचा फोटो काढायला आल्या होत्या. तुझ्या स्टुलावर तुझ्या दिव्यांपुढे ताठ बसल्या होत्या. ओळखपत्रापुरता एक फोटो तुझ्या आकड्यांवर काढला. मग त्या उठून खिडकीशी गेल्या, खालच्या रस्त्यावर त्यांना मैत्रीण दिसली, आणि त्या हसल्या. मी स्टँडवरून कॅमेरा काढला, हातात धरला आणि दाबलं. दाबल्यावर लक्षात आलं की आकडे दिव्यांचे आहेत, इथे चेहरा काळा येणार. मग छिद्र आठवरून चारवर आणून मोठं केलं, त्यांना तसंच हसत राहायला सांगितलं आणि पुन्हा दाबलं.

निगेटिव्हची पट्टी तुझ्याकडच्या पत्र्याच्या डब्यात असेल. सहावी स्टुलावरची. सातवीत चेहऱ्याच्या जागी जवळजवळ काहीच नसेल. आठवीत सगळं असेल. सातवी आणि आठवीच्या मध्ये कुणीतरी आकडे बदलले, आणि तू तेव्हा बसने परगावी पोचलेला होतास. भिंग घे आणि बघ. बघितल्यावरही नाही म्हणायचं असेल तर मी स्वतः संयोजकांना लिहिणार आहे. पत्ता पत्रकावर छापलेला आहे.

शोभा कुणाची होते ते बघू. वहिनींच्या गुडघ्यांना जप, आणि रागावलास तरी पत्र लिही.

तुझी,
बिट्टी


१४ मार्च

चि. सौ. बिट्टीस,
अ. उ. आ.

डबा काढला. पट्टी सापडली. सातवी आणि आठवी तू म्हणतेस तशीच आहे.

पण भिंग घ्यायची गरज नव्हती. तो रोल मीच धुतला होता. पट्टी वाळत घातली तेव्हाच मला कळलं होतं. तेहतीस वर्षांचा होतो, दारावर माझ्या नावाची पाटी लागून वर्ष झालं नव्हतं, आणि माझ्या एकाही फोटोत कुणी तसं हसलेलं नव्हतं. प्रिंट काढून मागे माझा शिक्का मारला आणि शोकेसमध्ये लावला. लोक तारीफ करत राहिले. त्यानंतर तुला कॅमेऱ्याला हात लावू दिला नाही, तुझा हात ब्रशलाच चांगला असं म्हणत राहिलो. तुझ्या वहिनीला आज पहिल्यांदा सांगितलं. ती दुपारपासून माझ्याशी बोलत नाही.

सकाळी संयोजकांकडे जाऊन आलो. त्यांना सगळं सांगितलं. पत्रक पुन्हा छापणार आहेत, फोटोखालची पट्टीही बदलणार आहेत. त्यांनी विचारलं, आडनाव कोणतं घालायचं, फोटोच्या वेळचं माहेरचं की आताचं. मी म्हटलं, माझ्या मनाने आजवर पुष्कळ लिहिलं, आता तिलाच विचारतो. लवकर कळव.

आशीर्वाद द्यायला मी थोरला आहे, माफी मागायला कोण आहे ते ठाऊक नाही. तरी मागतो.

तुझा,
दादा


२० मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र चारदा वाचलं. मी रागावलेली आहे आणि इतक्यात राग सोडणार नाही. एकेचाळीस वर्षं झाली. स्टुडिओत तू रोज माझ्या शेजारी बसून जेवत होतास, त्यात एक दिवस बोलता आलं असतं. मी केवढे फोटो काढले असते, याचा हिशेब मला करायचा नाही, कारण मग मी प्रदर्शनाला येणारच नाही. आणि मला यायचंय.

आम्ही दोघं आदल्या दिवशी सकाळी पोचतो. वहिनींना सांग, माझं अंथरूण त्यांच्या खोलीत घालायला.

आडनावाचं विचारलंस. माहेरचं लावलं तर लोकांना ते तुझ्याच पाटीवरचं वाटेल. सासरचं लावलं तर हे फुकट भाव खातील. त्यांनी तेव्हा मला पाहिलंही नव्हतं. नुसतं माझं नाव लिही. छापलेलं नको. तुझ्या हाताने लिही, लांबून वाचता येईल एवढ्या अक्षरात.

भांडण संपलेलं नाही, जीव मात्र आहे तिथेच आहे.

तुझी धाकटी बहीण